पिवळ्या धुळीचा आळ

जूनच्या पहिल्या आठवड्यात हार्लन खोऱ्यात गाडी पुसणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तरी हॉलिस ग्रेडी रोज सकाळी पुसायचा. दातांचा डॉक्टर; उभा जन्म लोकांचे दात घासूनपुसून देण्यात गेलेला. निवृत्त झाला तरी हाताची सवय सुटेना. पाइनच्या झाडांवरून पिवळी भुकटी झरत होती. टपावर, कठड्यांवर, वाळत घातलेल्या चादरींवर सगळीकडे तिचा थर. फडकं झटकलं की सगळी उडून जायची आणि थोड्या वेळात तितकीच परत येऊन बसायची.

"पुसू नकोस, फुंकर मार. फडकं तरी वाचेल," शेजारच्या ओसरीवरून वेरा टॉलमन म्हणाली.

वेराचं आयुष्य विमा कंपन्यांसाठी आगी आणि अपघात तपासण्यात गेलं होतं. आता ती खाजगी तपासाची कामं घ्यायची. खोऱ्यातले लोक तिला दोनच वेळी बोलवायचे: काही सापडत नसलं की, नाहीतर कुणी खोटं बोलतंय असं वाटलं की. हॉलिस तिची गाडी चालवायचा आणि तिचं ऐकून घ्यायचा. दोन्ही कामं त्याला आवडायची, पण तसं तो कबूल करत नसे.

तेवढ्यात एक पिकअप फाटकाशी थांबली. मारिट लिंडेल उतरली. तिचे वडील ऑरिन लिंडेल काल संध्याकाळी सेंटिनल माथ्याच्या कड्याखाली मरून पडलेले सापडले होते. सकाळपासून गावात दुसरा विषय नव्हता. तिचे डोळे कोरडे होते. रडून झालेल्या माणसाचे असतात तसे.

"वेराबाई, शेरीफने ट्रूएट बॅसला धरलंय," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "बाबांना त्याने ढकललं म्हणे. मला ते पटत नाही."

"बस आधी. हॉलिस, कॉफी आण. का पटत नाही?"

"कारण बाबांना तो निर्दोष वाटत होता. गेल्या वर्षीच्या आगीबद्दल."

हॉलिसचा हात किटलीवरच थांबला. त्या आगीबद्दल खोऱ्यात कुणी मोठ्याने बोलत नसे. मागच्या ऑगस्टमध्ये माथ्यापासून नदीपर्यंतचं जंगल जळालं होतं आणि हेझल बून ही जुनी शिक्षिका स्वतःच्या घरात होरपळून मेली होती. खाली नदीकाठी ट्रूएटचा लाकूडतोडीचा तळ होता. तिथल्या यंत्राची ठिणगी उडाली आणि आग वर चढत गेली, असा निष्कर्ष गावच्या अग्निशमन दलाने काढला. कोर्टात काही सिद्ध झालं नाही, पण गावाने निकाल देऊन टाकला होता. ट्रूएटची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली. दुकानात त्याच्याशी कुणी बोलेना.

"ऑरिनना असं का वाटत होतं?" वेराने विचारलं.

"नीट सांगितलं नाही. बर्फ वितळल्यापासून रोज माथ्यावर जायचे, जळकी झाडं बघायला. मी खोदून विचारलं तर म्हणाले, 'आधी एका माणसाशी बोलतो, मग तुला सांगतो.' काल जेवण करून त्याच कामाला गेले." मारिटने ओठ चावला. "संध्याकाळपर्यंत आले नाहीत म्हणून मी शेरीफला घेऊन ओढ्याच्या बाजूने गेले. कड्याखाली सापडले."

"मग खून म्हणायला आधार काय?"

"शर्टाची कॉलर फाटलेली होती. कॉलरचं बटण शेरीफला वर माथ्यावर सापडलं, फुलं तुडवलेली होती तिथे. कड्यापासून बरंच अलीकडे."

वेरा उठली. "चल हॉलिस. गाडी पुसून झाली असेल तर."

*

शेरीफ डग मेबरी दांडगा, प्रामाणिक आणि घाईचा माणूस होता. त्याने टेबलावर दोन मोठ्या पिशव्या ठेवल्या.

"यात कोडं काही नाही, वेरा. माथ्यावर सध्या काय आहे? पिवळी फुलं. रानसूर्यफुलांचा नुसता गालिचा. आणि काल संध्याकाळी ट्रूएट घरी आला तो कसा? पिवळाधमक. हळदीत लोळल्यासारखा. म्हणतो, दिवसभर नदीकाठी एकटाच आडव्या पाइनच्या फांद्या छाटत होतो. साक्षीदार कोण? तर झाडं."

"भांडण होतं दोघांचं?"

"आठ दिवसांमागे दुकानासमोर जुंपली होती. ट्रूएट हातवारे करून ओरडत होता. निम्म्या गावाने पाहिलं."

वेराने पहिली पिशवी उघडली. आत ट्रूएटचं जाकीट आणि टोपी. टोपीच्या वरच्या बाजूला, जाकिटाच्या खांद्यांवर, पाठीवर पिवळी पूड साचली होती. पोटाच्या बाजूला जवळजवळ काही नव्हतं. सोबतच्या पँटवर लाकडाचा भुसा होता, तोही गुडघ्यांपासून खाली.

वेराने जाकिटाच्या खांद्यावर हळूच फुंकर मारली. पिवळा ढग उठला आणि शेरीफच्या कॉफीच्या कपावर उतरला.

"पुरावा उडवतेस की काय तू," शेरीफ म्हणाला आणि पिशवी ओढून घेतली.

"उडाला तर खरा. आता दुसरी."

दुसऱ्या पिशवीत ऑरिनची पँट होती. तीही पिवळी, पण गुडघ्यांपासून मांड्यांपर्यंतच. कमरेच्या वर काही नाही. वेराने फुंकर मारली. काही हललं नाही. तिने बोट घासलं. बोटाला गडद, नारिंगीकडे झुकणारा, किंचित चिकट रंग लागला.

"दोन्ही पिवळेच की," हॉलिस म्हणाला.

"साखर आणि मीठ दोन्ही पांढरी असतात," वेरा म्हणाली. "चहात घातल्यावर कळतं. डग, मला ट्रूएटला भेटायचंय."

ट्रूएट बॅस कोठडीत बाकावर बसला होता. मान वर न करता म्हणाला, "बाई, मागच्या वेळीही सगळ्यांनी आधी प्रश्न विचारले होते. उत्तरं कुणाला नको होती."

"मला एकच हवंय. दुकानासमोर ऑरिनने तुला काय विचारलं?"

"त्या आगीच्या संध्याकाळी वारा कुठून होता ते. मला वाटलं, म्हातारा जुनी जखम उकरतोय. डोकं फिरलं माझं." त्याने हात चोळले. त्यांना राळेचे काळे डाग होते. "मी ओरडलो, वारा वरून खाली होता, हे मी वर्षभर सांगतोय, कुणी ऐकतं का? जाऊन तुमच्या अग्निशमन दलाच्या कॅप्टनला विचारा, म्हटलं."

"मग ऑरिन काय म्हणाले?"

"म्हणाले, 'विचारतो.'" ट्रूएटने पहिल्यांदा वर पाहिलं. "आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. वर्षभरात कुणी ठेवला नव्हता."

*

माथ्याकडे जाणारा कच्चा रस्ता नदीपासून वळणं घेत चढतो. खालच्या उतारावर रानसूर्यफुलांची झुडपं होती, पण ती वाळून गेलेली. बाणाच्या पात्यासारखी मोठाली पानं करडी पडली होती आणि वाऱ्यावर कागदासारखी खडखडत होती. फुलाच्या जागी काळी, सुकलेली बोंडं.

"महिन्याभरापूर्वी इथे काय बहर होता," हॉलिस म्हणाला. "मी मोलीच्या कबरीवर ठेवायला नेली होती."

मोली हॉलिसची बायको. तिच्याबद्दल तो बोलला की वेरा गप्प बसून ऐकायची.

रस्त्यावर पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेरीफची गाडी काल चारदा वरखाली गेली होती आणि आधीच्या चाकांचे सगळे माग तिने पुसले होते. वर पोचल्यावर मात्र हॉलिसने गाडी थांबवली आणि नुसता बघत राहिला. जळलेल्या पाइनच्या काळ्या खोडांमधून सगळा माथा पिवळा झाला होता. तळहाताएवढी फुलं, गुडघ्यापर्यंत उंच, मधमाश्यांनी गजबजलेली. गेल्या वर्षी इथे गवताची काडीही उरली नव्हती. मुळं खोल होती म्हणून झुडपं परत फुटली. बहुतेक पाइनही जगले होते. खालची साल कोळसा, वर हिरवे झुपके.

तिथल्या मधपेट्यांपाशी कोरीन टारबेल उभी होती. साठीची, काटक, तोंडाची फटकळ. तिच्या पँटचे गुडघे आणि बाह्यांच्या कडा नारिंगी-पिवळ्या.

"मला विचारायला आलात ना, काल कुठे होते म्हणून?" ती म्हणाली. "इथेच होते. सकाळभर. दुपारी चर्चच्या सभागृहात बिस्किटांचं पीठ लाटत होते, वीस बायकांच्या मध्ये. त्यातल्या पाचजणी माझ्या वैरिणी आहेत, त्यांना विचारा. त्या माझ्या बाजूने खोटं बोलायच्या नाहीत."

"ऑरिनशी तुझं पटत नव्हतं म्हणतात."

"पटायचं नाहीच. गुरं आणायचा इथे, माझ्या पेट्या पाडायचा. पण बोलायला तोच होता मला. आता भांडू कुणाशी?" तिने तोंड फिरवलं आणि पेटीचं झाकण उगाचच दाबून बसवलं.

"पेट्या कधी आणल्यास वर?"

"पंधरवडा झाला. वर थंडी, म्हणून इथे उशिरा फुलतं; खाली सगळं वाळलं, वेरा. खोऱ्यात आता या फुलाचं नाव नाही. खाली आहे ते नुसतं पाइनचं पीठ, आणि त्याला माश्या हुंगतही नाहीत. ते वाऱ्याचं खाणं."

"काल सकाळी इथे आणखी कोणी आलं होतं?"

"माणूस नाही, कुत्रं नाही. मी गेल्यावर कोण आलं ते या माश्यांना ठाऊक."

वेरा पाइनच्या खोडांमधून हिंडू लागली. प्रत्येक खोडाभोवती फिरून बघायची. काही खोडांवर खडूच्या पांढऱ्या रेघा होत्या.

"ऑरिनच्या असणार," हॉलिस म्हणाला. "पण काय मोजत होता?"

"तू सांग. काळं कुठे जास्त चढलंय?"

हॉलिसने पाहिलं. माथ्याच्या बाजूला काळा डाग त्याच्या कमरेपर्यंत होता. दरीच्या बाजूला तोच त्याच्या डोक्याच्याही वर. शेजारचं झाड तसंच. त्याच्या शेजारचंही.

"दरीच्या बाजूला. म्हणजे आग तिकडूनच आली. खालून, ट्रूएटच्या तळावरून. अग्निशमन दलाचं बरोबर होतं की."

"वाऱ्यात उघड्यावर चूल मांडून भांडं ठेवलंयस कधी?"

"शिकारीला गेलो की नेहमीच."

"भांडं कुठल्या बाजूने जास्त काळं होतं ते आठवून बघ," वेरा म्हणाली आणि पुढे चालू लागली.

माथ्याच्या अगदी वर एका जुन्या लाकडी खोपटाचा पाया उरला होता. जळलेली लाकडं, गंजलेली एक शेगडी.

"हे कुणाचं?"

"कॅप्टन वेंडेल कार्स्टचं. शिकारीच्या दिवसांत राहायचा," हॉलिस म्हणाला. "आगीत गेलं बिचाऱ्याचं. तरी त्या रात्री तो स्वतःचं सोडून खाली लोकांची घरं वाचवत होता. तुला माहीत आहे, हेझलला बाहेर काढायला तो आत शिरला होता. हात भाजले त्याचे."

"माहीत आहे," वेरा म्हणाली. "आता त्याच्याकडेच जाऊ."

*

वेंडेल कार्स्ट गावच्या अग्निशमन दलाचा कॅप्टन आणि ऑरिनचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचं घर नदीकाठी, पाइनच्या दाट झाडीत होतं. अंगणातलं बाक, पायऱ्या, कठड्यावर विसरलेली त्याची टोपी, सगळ्यांवर वरून पिवळी पूड पडलेली. तो आग विझवायचा लांब पाइप अंगणात पसरून त्याचे सांधे तपासत होता. रात्रभर झोपला नसावा.

"ये वेरा. ये डॉक्टर," तो म्हणाला. आवाज फाटलेला. "काय बोलायचं सुचत नाही. उद्या त्याला खांदा द्यायचाय मला. पन्नास वर्षांची दोस्ती."

"काल दुपारी तू कुठे होतास, वेंडेल? सगळ्यांनाच विचारतेय मी."

"इथेच. हेच काम. संध्याकाळी डगचा फोन आला तेव्हा स्ट्रेचर घेऊन ओढ्याच्या बाजूने गेलो. त्याला मीच उचललं."

"वर माथ्यावर गेलास?"

"छे. माझ्याने बघवलं नसतं."

"दुपारी कुणी आलं होतं इथे?"

"कुणी नाही. मी आणि पर्ल." घराच्या दारातून एक मोठी पांढरी कुत्री लंगडत बाहेर आली आणि त्याच्या पायाशी बसली. "ही माझी साक्षीदार. म्हातारी झाली बिचारी, कमरेतून गेली. पिकअपमध्येसुद्धा उचलून ठेवावी लागते. पण माझा पाय सोडत नाही. काल दुपारभर इथेच, या झाडाखाली पडून होती."

"ओढ्यावर नेली होतीस?"

"नाही, घरात कोंडून गेलो. तिला तो चढ झेपणार आहे का?"

पर्लने अंग झाडलं आणि वेराकडे बघून शेपूट हलवली. वेरा खाली बसली, तिचं डोकं कुरवाळलं, गळ्याखाली खाजवलं. पर्लची पाठ दुधासारखी पांढरी होती. छाती, पोट आणि हनुवटीखालचे केस मात्र पिवळे.

"ही पण माखली वाटतं," वेरा म्हणाली.

"पाइनची धूळ. या दिवसांत सगळंच पिवळं."

"हॉलिस, तुझा रुमाल दे. हात खराब झाले."

हॉलिसने रुमाल दिला. स्वच्छ, इस्त्रीचा. तिने त्याला हात पुसले आणि रुमाल परत न देता खिशात घातला. याची हॉलिसला जरा चीड आली, पण वेंडेलसमोर तो काही बोलला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वेराने सगळ्यांना मारिटच्या स्वयंपाकघरात बोलावलं. अंत्यविधी दुपारी होता. ओट्यावर शेजाऱ्यांनी आणून दिलेली पक्वान्नं झाकून ठेवली होती. कुणी हात लावत नव्हतं. शेरीफ ट्रूएटला घेऊन आला. बेड्या नव्हत्या, पण हात धरलेला. कोरीन खिडकीशी बसली. वेंडेल काळा कोट घालून आला आणि पर्ल त्याच्या खुर्चीखाली पसरली.

"थोडक्यात बोलते," वेरा म्हणाली. "डग, तू ट्रूएटला पकडलंस ते पिवळ्या धुळीवरून. धूळ बरोबर पाहिलीस, पण एकच पाहिलीस. या खोऱ्यात आत्ता दोन आहेत."

तिने हॉलिसचे दोन रुमाल टेबलावर पसरले. दुसरा तिने सकाळी त्याच्या दोरीवरून न विचारता उचलला होता.

"हा आज मी अंगणातल्या पाइनखाली पसरून ठेवला होता." तिने फुंकर मारली. पूड उडाली, रुमाल पांढरा झाला. "पाइनला कुणाची गरज नसते. तो आपले पराग वाऱ्यावर सोडून देतो, म्हणून ते कोरडे, हलके. वरून पडतात, फुंकरीने जातात. ट्रूएटचं जाकीट आठव. टोपीवर, खांद्यांवर, पाठीवर. सगळं वरून पडलेलं. आणि ते तुझ्या कॉफीत उडालं."

शेरीफ खाकरला.

"रानसूर्यफुलाचं वेगळं. त्याला माशी हवी. म्हणून त्याचे पराग चिकट; जो घासून जाईल त्याला लागतात आणि सुटत नाहीत. फूल गुडघाभर उंच, म्हणजे डाग पडतो तो खालच्या बाजूने. ऑरिनची पँट तशी होती. कोरीनचे गुडघे तसे आहेत."

"माझे रोजच तसे असतात," कोरीन म्हणाली.

"ट्रूएट त्या फुलांतून चालत गेला असता तर त्याच्या गुडघ्यांना ते लागलं असतं. तिथे नुसता भुसा होता. तो माथ्यावर गेलाच नव्हता."

ट्रूएटने श्वास सोडला. शेरीफने त्याचा हात सोडला, पण अगदी हळू, जणू विसरल्यासारखा.

"मग गेलं कोण?" मारिटने विचारलं.

वेराने कालचा रुमाल पुढे सरकवला. त्यावर बोटांचे नारिंगी-पिवळे पट्टे होते. तिने फुंकर मारली. मग पाण्यात बोट बुडवून चोळलं. डाग पसरला, गेला नाही.

"हा काल मी एकीच्या गळ्याखालून पुसून आणला. पाठ पांढरी, छाती-पोट पिवळं. तिने माझ्यासमोर अंग झाडलं तरी काही उडालं नाही. खोऱ्यातली ही फुलं पंधरवड्यामागेच वाळली, कोरीननेच सांगितलं. आता ती फक्त माथ्यावर आहेत. आणि ही माथ्यावर चालत जाऊ शकत नाही. पिकअपमध्येसुद्धा तिला उचलून ठेवावी लागते."

सगळ्यांच्या नजरा खुर्चीखाली गेल्या. पर्लने एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला.

"ती भटकली असेल कधी," वेंडेल म्हणाला.

"तू म्हणालास, ती दुपारभर तुझ्या पायाशी होती. त्यावर माझा विश्वास आहे, वेंडेल. ती होतीच तुझ्या पायाशी. तुझे कपडे तू धुतलेस. तिला धुतलं नाहीस, कारण तुलाही वाटलं, ती पाइनचीच धूळ."

"वेंडेलकाका?" मारिट म्हणाली.

तो तिच्याकडे बघेना.

"पण कशासाठी?" हॉलिसच्या तोंडून निघालं. "ऑरिनला? याने?"

"भांडं आठवलं का तुला? वारा ज्या बाजूने येतो ती बाजू कमी काळी होते. ज्वाळा वळसा घालून मागे जाते आणि आडोशाला वर चढते. झाडाचंही तसंच. माथ्यावरची खोडं दरीच्या बाजूने जास्त जळलीत. म्हणजे वारा माथ्याकडून होता आणि आग वरून खाली आली. ट्रूएट वर्षभर हेच सांगतोय. ती सुरू झाली अगदी वर, आणि तिथे एकच गोष्ट होती. शेगडी असलेलं खोपट." वेराचा आवाज खाली आला. "ऑरिनला हे खोडांवरून कळलं. तो शेरीफकडे नाही गेला. मुलीलाही नाही सांगितलं. आधी मित्राला विचारायला गेला."

वेंडेलने आपले भाजलेले हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडेच बघत बोलू लागला.

"शेगडीची राख होती. मी ती विझली समजून बाहेर टाकली आणि खाली निघून आलो. त्या दिवसांत आग पेटवायला बंदी होती, आणि तो हुकूम माझ्याच सहीचा होता. हेझलकडे गेलो तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, ट्रूएटचं यंत्र. मी नाही म्हटलं नाही. एवढंच. मग अहवाल लिहायची वेळ आली, तेव्हा तेच लिहिलं."

"एवढंच?" ट्रूएट म्हणाला. तो ओरडला नाही. "माझी मुलं मला वर्षभर भेटली नाहीत."

"ऑरिन म्हणाला, 'तूच सांग लोकांना. मी शेजारी उभा राहीन.' त्याने माझी बाही धरली. मी त्याची कॉलर धरून त्याला झटकलं, तो पडला."

"बटण कड्यापासून बरंच अलीकडे होतं, वेंडेल," वेरा म्हणाली.

वेंडेलने डोळे मिटले.

"हो. तो उठला. परत तेच म्हणाला, 'मी आहे ना.' आणि माझ्याकडे आला. बोलत बोलत तोवर आम्ही कड्याशी आलो होतो. तेव्हा मी त्याला ढकललं. झटकलं नाही. ढकललं."

शेरीफ मेबरी उठला. वेंडेलबरोबर त्यानेही अनेक आगी विझवल्या होत्या. "चल, वेंडेल," एवढंच तो म्हणाला.

दारात वेंडेल वळला. "मारिट, तुझा बाप—"

"नको," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्याबद्दल बोलू नका."

पर्ल त्याच्या मागे लंगडत निघाली. कोरीनने पुढे होऊन तिचा पट्टा धरला आणि तिच्याशेजारी जमिनीवरच बसली. गाडी निघून गेली तरी कुत्री दाराकडे बघत होती.

*

दुपारी चर्चचं अंगण माणसांनी भरलं होतं. सकाळची बातमी सगळ्यांना कळली होती, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. ट्रूएट बॅस फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभा होता. आत यावं की नाही हे त्याला ठरवता येत नसावं. ज्यांनी वर्षभर त्याला पाहून रस्ता बदलला ते आता बुटांकडे बघत होते. दुकानदाराने त्याच्या दिशेने दोन पावलं टाकली आणि तिथेच थबकला.

शवपेटी उचलायला सहा माणसं लागतात. पाच उभे होते. सहावी जागा वेंडेलची होती. धर्मगुरूंनी हॉलिसकडे पाहिलं आणि हॉलिसने कोट सावरून एक पाऊल पुढे टाकलं. वेराने त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं.

"अगं, काय?" तो कुजबुजला.

तिने नुसती हनुवटी हलवली. मारिट गर्दीतून वाट काढत फाटकाकडे निघाली होती. ती ट्रूएटसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबांना एक खांदा कमी पडतोय," ती म्हणाली.

"लोकांना आवडणार नाही, मारिट."

"लोकांना नाही विचारत मी."

ट्रूएटने टोपी काढली. ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना, तेव्हा दुकानदाराने हात पुढे करून ती घेतली. मग राळेने काळे झालेले हात पँटला पुसत तो आत गेला आणि रिकाम्या जागी उभा राहिला. शेजारच्या माणसाने त्याच्यासाठी थोडं सरकून पेटीची मूठ मोकळी केली. सहाजणांनी एकदमच पेटी उचलली.